गोल्फकडची बाजू

कॉम्प्लेक्सच्या हिरवळीवर फवारे. टोपीवाला वॉचमन. वाळत घातलेला एकही टॉवेल नाही.

घोडबंदरच्या बसस्टॉपवर सुचेताच्या पुढे उभं असलेलं जोडपं तिच्याच कॉम्प्लेक्समधला फ्लॅट बघून परतत होतं.

“अगं, गोल्फच्या मैदानाकडची बाजू आहे. दोन वर्षांत भाव डबल!”

“भावात राहायचंय की घरात? आपल्या जेसल पार्कात मी शेजारी किल्ली टाकून निघते. इथे कुणाकडे ठेवू, वॉचमनकडे?”

“अगं, जवळपास सगळे फ्लॅट विकले गेलेत.”

“मग माणसं कुठायत?”

“ह्यांनाच विचारू.” तो सुचेताकडे वळला. “ताई, तुम्ही इथल्याच ना? शेजार कसाय?”

“छान आहे हो,” सुचेता घाईघाईने म्हणाली. “माझ्या समोरचाच घ्या. नक्की घ्या.”

गेल्या दिवाळीत तिने फराळाचं ताट सगळे मजले फिरवून तसंच भरलेलं घरी आणलं होतं.