बशीवरचा ठसा

अंबरनाथला रॉकेलची रांग बराच वेळ जागची हलली नव्हती. पालेगावच्या मोतीबाईने डबा खाली टेकवला आणि पुढच्या दोघींचं भांडण मन लावून ऐकायला सुरुवात केली.

"पद्मजा, ओठांना लावायचं तुझं ते मलम! माझ्या मीनलचं जमत आलेलं लग्न मोडलं त्याने."

"माझ्या मलमाने? अहो कुमुदिनीवहिनी, कुंकवाखालचं मेण, खोबरेल आणि रंगाला कॅम्पातल्या बाजारातून आणलेली रतनजोतीची मुळी. त्यात लग्न मोडण्यासारखं काय आहे?"

"मेण कमी घातलंस! गरम चहा लागला नि बशीच्या काठावर लालभडक ठसा उमटला."

"मागची डबी घट्ट झाली, तेव्हा तुम्हीच म्हणालात, ओठांवर वीट घासल्यासारखं वाटतं."

"मुलाच्या आईने बशी उचलून सगळ्यांना दाखवली गं! म्हणे, ओठ रंगवणारी सून आमच्याकडे चालायची नाही."

"आणि मुलगा काय म्हणाला?"

"तो काय बोलणार? तोंडात पानाचा तोबरा. नुकताच चुना दिलेल्या भिंतीवर पिंक टाकून मोकळा!"

"म्हणजे त्याचे ओठ लाल चालतात?"

मागे मोतीबाईने पदर तोंडाला लावला.

"हेच मीनलने विचारलं. त्यांच्या तोंडावर! उठलेच ते."

"रडली असेल बिचारी."

"रडतेय कसली! त्यांनी टाकलेले पोहे खात बसली."

"बरं, चुकलं माझं. मेण वाढवून नवी डबी देते."

"काही वाढवायला नको. आहे तसंच दे. रविवारी बदलापूरचे येतायत. माणसं कशी आहेत, ते बशीवरच कळू दे."