शांतम्माचा सोमवार

न्हाय, मोटारी चोरल्या त्याचं मी काय म्हणत न्हाय हो, पण अँब्युलन्स? अँब्युलन्स चोरायची का माणसानं? आत कुणी पेशंट असंल, सलाईन चालू असंल, नाकाला नळी असंल... गेल्या पावसाळ्यात स्वतः तसल्याच गाडीत आडवी पडून दवाखान्यात गेलेली बाई ही, मी पायथ्याशी तिची पावलं धरून बसलेलो, आन् आता तीच ड्रायव्हरला बखोटीला धरून खाली ओढती, भोंगा लावती आन् सुसाट! कपाळाला इबूत, गळ्यात लिंग, सोमवारचा उपास चुकवायची न्हाय... तुमाला सांगतो, बाई देवाधर्माची हाय हो!

दमानं सांगतो. घाई मला कशातच न्हाय. चव्वेचाळीस वर्षं पिठाची गिरणी चालवली, ज्वारी बारीक व्हायला जेवढा वेळ लागतो तेवढा लागतोच, वरनं ओरडून काय उपेग?

तर आमच्या शांतम्माचं उजवं अंग गेलं. वाचाबी गेली. आमचं घरात कानडी, बाहेर मराठी. त्यातली मराठी सगळी पुसली, कानडीतले दोनच शब्द राहिले. 'बेडा' म्हणजे नको, आन् 'साकु' म्हणजे पुरे. भाकरी पुढं केली, बेडा. औषध, बेडा. मी जवळ जाऊन बसलो, साकु. पन्नास वर्षांचा संसार, त्यातनं उरायचे शब्द ते नेमके हेच दोन का?

व्यायाम शिकवायला त्या उत्कर्षा म्याडम येतात. "आजोबा, उजवा अंगठा हलला पाहिजे. काहीतरी दाबत राहू द्या त्यांना." रबरी चेंडू आणला, बेडा. कणकेचा गोळा दिला, बेडा. मग आमची नात, शिवानी, कॉलेजात हाय, ती म्हणाली, "अज्जा, माझं गेमचं मशीन देऊ का अज्जीला? दोन्ही हातांनी धरायचं असतं. डाव्या अंगठ्यानं माणूस चालतो, उजव्यानं बाकीचं सगळं." मी म्हणलं, दे की. आता मला काय ठावं, बाकीचं सगळं म्हणजे चोऱ्या, मारामाऱ्या आन् दरोडे!

शिवानीनं मशीन टीव्हीला जोडलं. टीव्हीवर अमेरिकेतलं कुठलंतरी शहर, कडंला समिंदर, आन् त्या शहरात एक टकल्या, दंडावर साप गोंदलेला. तो टकल्या म्हणजे आमची शांतम्मा. दोन दिवस अंगठा बटणावर नुसता पडून राहिला, भिजलेल्या वातीसारखा. तिसऱ्या दिवशी बटण खाली गेलं, आन् टकल्यानं एका म्हाताऱ्याला मोटारीतनं उचलून रस्त्यावर टाकलं. आन् शांतम्मा हसली. अकरा महिन्यांत पयल्यांदा. तोंड अर्धं वाकडंच, पण हसली. आता मी काय बोलणार, सांगा? म्हाताऱ्याची बाजू घेऊ?

तवापासनं आमच्या घरात रोजचा हिशेब ह्यो. म्याडम दारातनंच विचारणार, "आजी, आज किती गाड्या चोरल्या?" शिवानी सांगणार, "नऊ." "नऊच? अहो, काल बारा होत्या! दमलात का?" शिकली-सवरलेली बाई, पांढरा कोट घातलेली, आन् माज्या बायकोला म्हणती आणखी तीन चोरा!

एकदा सुंदरम्मा आली, तिची देवळातली मैत्रीण, बेल आन् अंगारा घेऊन. टीव्हीवर टकल्या गल्लीबोळातनं पळतोय, मागं पोलिसांच्या गाड्या. "अय्यो, मल्लण्णा, कुठली सिरीयल ही? कोण हो ह्यो मुडदा?" म्हणलं, "हळू, सुंदरम्मा. ती आमची ही हाय." अंगारा कुणाला लावावा ते कळंना बिचारीला... आन् बाई देवाधर्माची हो!

शिवानीला विचारलं एकदा, "बाळ, ह्यात जिंकायचं काय असतं?" ती म्हणाली, "काही नाही अज्जा. दरोडे असतात, पण केलेच पाहिजेत असं नाही. नुसतं फिरलं तरी चालतं. सगळं शहर उघडं आहे, कुठंही जा." कुठंही जा... खाटेवरनं मोरीपर्यंत जायचं तर दोन माणसं लागतात तिला. आन् तितं डोंगर अडवत न्हाय, कुणाचं दार अडवत न्हाय. मला वाटायचं ह्या पोरांना चोऱ्यांचं येड लागलंय. तसं नसंल. उंबऱ्याच्या बाहेर पाय टाकला की कुणी "कुटं निघालीस?" म्हणून विचारत न्हाय, ह्याचंच येड असंल.

पण सोमवारी निराळंच चालायचं. सोमवारी चोरी बंद. शिवानीला खुणेनं सांगून टकल्याचे बूट काढायला लावले. आन् तो अनवाणी नुसता चालायचा, चालायचा आन् मधीच उभा राहायचा. रस्त्याकडंला एक लाल लोखंडी नळ, तितं उभा. बाकड्यापाशी उभा. पेट्रोल पंपाच्या मागल्या भिंतीपाशी उभा. जरा वेळ थांबायचा, की पुढं. गेल्या सोमवारी ज्या जागी, ह्या सोमवारी त्याच जागी. डॉक्टरांनी बजावलं होतं, "दुसरा झटका आला तर दिशा कळणार नाही, त्याच त्याच जागी घुटमळतील, लक्ष ठेवा." मी भ्यालो हो. मशीन उचललं आन् माळ्यावर टाकलं.

शांतम्मानं भिंतीकडं तोंड केलं. मंगळवारी भाकरी न्हाय, बुधवारी आंबील न्हाय. बेडासुद्धा म्हणंना! मी शेजारी बसून राहिलो, साकुसुद्धा म्हणंना. म्याडमनं अंगठा बघितला, "आजोबा, पुन्हा गार पडला हो." तुमाला सांगतो, चोर बायको परवडली, पण अशी गप पडलेली न्हाय परवडत. शनिवारी मशीन खाली काढलं, धूळ पुसली, तिच्या मांडीवर ठेवलं.

आन् सोमवारी स्टूल ओढून शेजारी बसलो. टकल्या लाल नळापाशी उभा राहिला. शांतम्मानं मशीन मांडीवर ठेवलं, डाव्या हातानं उजवा हात मनगटाला धरून उचलला, कपाळाला लावला, खाली ठेवला. परत मशीन. पुढं बाकडं. परत हात, परत कपाळ. मी बोटांवर थांबे मोजायला लागलो. वीस झाले, तीस झाले, पेरं संपली, परत पयल्यापासनं धरली... आन् डोक्यात एकदम उजेड पडला.

अडुसष्ट लिंगं!

सोलापुरात सिद्धरामेश्वरांनी अडुसष्ट लिंगं बसवलेली, दर श्रावणात एका सोमवारी ही अनवाणी सगळी फिरून यायची. दरवर्षी निघताना उंबऱ्यात थांबून म्हणायची, "येता का?" आन् दरवर्षी मी म्हणायचो, "गिरणी कोण बघंल?" ज्वारी काय पळून चालली होती का हो? चव्वेचाळीस श्रावण! सांजच्याला पाय सुजवून यायची, प्रसाद माज्या हातावर ठेवायची, आन् मी पिठाच्या हातानं खायचो. आन् आता ह्या चोरांच्या गावात, जितं एक बेलाचं झाड न्हाय, तितं तिनं हुडकून हुडकून अडुसष्ट जागा नेमल्या होत्या. मी समजलो डोकं गेलं. मला चार जिन्नस सांगितले तर दोन विसरतो, तिला अडुसष्ट जागा पाठ! मी काय म्हणत होतो? बाई देवाधर्माची हाय हो!

म्हणलं, "शांतम्मा... मी येऊ का?"

मी बेडाची वाट बघतोय. बेडा म्हणाली न्हाय. खाटेवर सरकून जागा दिली.

निघालो. माझं काम काय, नुसतं बघायचं आन् हात जोडायचे. सदुसष्टावं झालं, आन् पुढं एक भिंत आडवी आली. तिचा उजवा अंगठा दमला होता, तिनं मशीनची उजवी बाजू माज्या हातात सरकवली. डावा अंगठा तिचा, उजवा माझा. आमी दोघं मिळून एक टकल्या! शिवानी ओरडली, "अज्जा, उडी! चौकोन दाबा, चौकोन!" गिरणीवाल्याचा अंगठा ह्यो, चौकोनाच्या बटणावर जाईपर्यंत शेजारचा गोल दाबला गेला. आन् टकल्यानं समोरनं येणाऱ्या पोलिसाच्या कानाखाली असा काढला, की तो पडला. पडला तो उठंचना.

भोंगे सुरू! शांतम्मानं माझा हात झटकला, आन् उजव्या अंगठ्यानं, तिच्या तिनं, खाडकन बटण दाबून पयली दिसली ती मोटार चोरली. सोमवारी हो! नेम मोडला, माज्यापायी मोडला! मागं पोलीस, वर हेलिकॉप्टर, गोळ्या सुटायल्यात, काचा फुटायल्यात, आन् अडुसष्टावं लिंग कुटं, तर समिंदराच्या अगदी काठाला, एक पांढरा खांब. आला, आला, आला... दिसला! आमी दोघांनी हात जोडले. तिचे निम्मेच जुळले, पण जोडले.

आन् मशीन धरायला कुणी उरलंच न्हाय की.

मोटार टकल्यासकट पाण्यात. वर नुसते बुडबुडे. शिवानी डोक्याला हात लावून बसलेली, आन् आमी दोघं अजून हात जोडूनच.

आता ते अडुसष्टावं धरायचं का न्हाय, हे मठात स्वामींना विचारावं म्हणतो... पण विचारायचं म्हणलं तर पयल्यांदा त्या पोलिसाचं सांगावं लागतंय. त्यापेक्षा सोमवारी परत पयल्यापासनं निघालेलं बरं.