लाल दिव्यावरची पट्टी

हॅलो?… अगं हळू! चमचा पडला हातातून तुझ्या रिंगमुळे… फरशीवर, आणखी कुठे पडणार… थांब, बघते… नाही, उठली नाही. कूस बदलली फक्त. बोल ताई, पण हळू बोल.

'मी हळू बोलून काय होणार' म्हणजे? तुझा आवाज रिसीव्हरमधून शेजारच्या खोलीत जातो…

हो, शनिवार ना, अर्धा दिवस. जेवणं झाली, बबडीला झोपवलं, भांडी पुसत होते.

नाही. नाही गं, अजून नाही कळवलं साहेबांना. संध्याकाळपर्यंत कळवायचंय. त्या हातात मावणाऱ्या मेलच्या यंत्रांची सोमवारी सगळ्या ऑफिसची एकदम ऑर्डर जाणार आहे. कुणाला हवं, कुणाला नको, हवं तर कुठलं…

'त्यात विचार काय करायचा' म्हणजे? तुला नाही करावा लागत. तू औषधं विकतेस. दिवसभर डॉक्टरांच्या दाराबाहेर बसून राहायचं असतं, तिथे बरं आहे तुला, मेल वाचत बसायला. मला मेल आली की काम येतं, ताई. करमणूक नाही येत.

हो, हो… अगं ऐक ना. फुकट मिळतंय ते माहितीये मला. बिलही ऑफिस भरणार, तेही माहितीये.

कीबोर्ड? आहे ना. तिळाएवढी बटणं… 'सवय होते' काय, पंधरा दिवस ट्रायलवर वापरतेय मी! एक दाबावं तर शेजारची दोन दबतात. बायकांच्या अंगठ्यांसाठी बनवलंच नाहीये ते… मग उंदरांसाठी असेल. काल बाटलीचं झाकण उघडेना मला, इतके अंगठे धरलेत.

त्याचं काय विचारतेस! तुझा मेहुणा खूश आहे. दोन्ही मॉडेलं टेबलावर शेजारी शेजारी ठेवून बसला होता, जेवण निवेपर्यंत. एकाचा कीबोर्ड कायम समोर, तुझ्याकडे आहे तसा. दुसऱ्याचा पोटातून बाहेर सरकतो, ड्रॉवरसारखा. त्याला तेच आवडलंय. सर्र… खट. सर्र… खट. मी म्हटलं, मेल वाचायला आणलंय की वाजवायला?

नाही, सरकणाऱ्याचा पडदा मोठा आहे, हे मान्य. तुझ्यावाल्यात मेलला जोडलेली फाइल नीट उघडतच नाही. परवा कंटेनरांचा तक्ता उघडला तर उजवीकडचे निम्मे रकाने गायब. आणि नेमका त्यातच माल कुठे उतरवायचा ते लिहिलेलं!… हो, तुझी बॅटरी दोन दिवस चालते. सरकणारं दुपारीच मान टाकतं… हो, तुझं चाकही चांगलंय, ते बाजूचं, अंगठ्याने फिरवायचं… तुझं सगळंच चांगलं असतं, ताई. लहानपणापासून.

चिडत नाहीये मी.

बरं, चिडतेय.

अगं, दुपारी बॅटरी संपते हा दोष की गुण, हेच मला ठरवता येत नाहीये… हसू नकोस. खरं सांगते. या घरात रेंज नसते ती फक्त बाथरूममध्ये. हल्ली मी तिथे उगाचच पाच मिनिटं जास्त बसते, नळ सोडून.

थांब, थांब, थांब. मॉडेलचा प्रश्नच नाहीये. तू सारखी मॉडेलवर येतेस. साहेबांची अट ऐकलीस का तू नीट? यंत्र घेतलं तर चारला घरी जायचं, उरलेलं काम यावर. नको असेल तर सातपर्यंत टेबलाशी, पूर्वीसारखं.

हो ना. चार वाजता. तेच तर.

नाही, तुला नाही कळायचं सात म्हणजे काय. पाळणाघर सहालाच रिकामं होतं. बाई बिचाऱ्या थांबायच्या, हिला स्वतःच्या स्वयंपाकघरात बसवायच्या. पण ही तिथे बसेल तर ना! बूट घालून, पाठीला दप्तर लावून दारापाशी. दाराच्या काचेवर हिच्या उंचीला एक डाग पडला होता, ताई. नाक टेकवून टेकवून. बाईंनीच दाखवला मला, कौतुकाने. मी रुमाल काढून तो पुसायला लागले आणि… जाऊ दे.

आता? आता चारला जाते तर उडी मारून अंगावर येते. तिच्यामागे अजून सगळी मुलं असतात आत. काय तोरा असतो म्हणून सांगू! 'माझी आई आली, तुमची अजून नाही आली.' मलाच लाज वाटते त्यांच्याकडे बघायला.

'मग घे की'… म्हणजे? अगं पुढचं ऐक ना!

आमची जहाजं काय माझ्या पोरीची झोप बघून बंदराला लागतात? आपल्याकडे दिवेलागण झाली की तिकडे परदेशात कुणीतरी ताजातवाना, दाढीबिढी करून कामाला बसतो. पहिली आठवण माझी येते त्याला. माल निघाला का, कागद लागले का, सील तुटलं का. मी घरी असते, ताई, पण… कसं सांगू… हिची वेणी घालत असते आणि मनात कुणाचातरी कंटेनर क्रेनला लटकत असतो. परवा एका बाजूची वेणी घातली आणि उठले मेल बघायला. ही तशीच झोपली. एक वेणी, एक बाजू मोकळी.

काय हसतेस गं?… हो, फोटो काढायला हवा होता.

अगं, आणि तो रविवारचा घोळ सांगितलाच नाही तुला. नाही, त्या दिवशी फोनवर सांगितलं ते निम्मं… मेल नाही बघितली एवढंच सांगितलं मी. का नाही बघितली ते नाही सांगितलं.

तो लाल दिवा असतो ना वर कोपऱ्यात? मेल आली की लुकलुकतो? तो बघायची सवय लागलीये मला. दिवा दिसला की उठायचं, नाही दिसला की बसायचं. आवाज बंदच असतो, हिच्या झोपेसाठी. तर रविवारी सकाळपासून दिवाच नाही. म्हटलं, वा! पहिल्यांदा जगाला सुट्टी आहे. आम्ही दोघींनी अंघोळीला तासभर लावला. साबणाचे फुगे केले. दुपारी तिघंही आडवे झालो, तुझा मेहुणा तर घोरायला लागला. संध्याकाळी खिडकीत बसून येणारी-जाणारी कुत्री मोजली. म्हणजे ती मोजत होती, दोनाच्या पुढे डायरेक्ट सात.

आणि अंधार पडल्यावर यंत्र चार्जिंगला लावायला उचललं, तर त्या दिव्यावर पट्टी.

पट्टी गं! जखमेवरची! ती हिच्या गुडघ्यासाठी आणलेली, फुलाफुलांची. नीट दाबून, कडा बसवून लावलेली.

हस, हस तू… मला तेव्हा नाही आलं हसू. पट्टी सोलली तर खाली दिवा नुसता वेड्यासारखा लुकलुकतोय. साहेबांच्या मेलवर मेल. कुठल्याशा शाळेच्या खुर्च्यांचा कंटेनर धक्क्यावरच राहिला, माझा होकार गेला नाही म्हणून. जहाज गेलं निघून.

ओरडले तर! खूप ओरडले. ही रडत रडत म्हणते, 'त्याला बाऊ झालाय. सारखं लाल लाल येत होतं. मी बरं केलं त्याला.'

नाही, साहेब नाही फार बोलले. 'खुर्च्या होत्या म्हणून निभावलं, औषधं असती तर?' एवढंच. खरं आहे ते. तुझीच औषधं असती तर तू बोंबललीच असतीस ना? मग? त्यांचं चूक नाहीये, हीच तर कटकट आहे. कुणाचं काही चूक असतं तर मी कधीच भांडून मोकळी झाले असते.

पुढे काय? पुढे मी शहाणपणा केला. नियम केला. बबडीला समोर बसवून सांगितलं, हे यंत्र माझ्या हातात असलं की आई ऑफिसात आहे. ऑफिसात आई असली की हाक मारायची नाही, ओढायचं नाही, पट्ट्या लावायच्या नाहीत. खाली ठेवलं की आई घरी. तिला पटलं लगेच. मान डोलावली, बोट वर करून पुन्हा म्हणून दाखवलं. मला वाटलं, जमलं बाई.

फार जमलं, ताई.

गुरुवारची गोष्ट. मी इथेच, स्वयंपाकघराच्या ओट्याला टेकून एक मेल लिहितेय. लांबलचक, त्या तिळांवर. मध्ये केव्हातरी ही येऊन उभी राहिली. मला पाय दिसले तिचे, मी वर नाही बघितलं. ही चुळबुळतेय, एका पायावर, दुसऱ्या पायावर. मी म्हटलं, खेळतेय… आणि मग फरशीवर पाणी. उभ्या उभ्या शू झाली तिला. आता चार वर्षांची आहे गं, कधीच बंद झालंय ते. पण हाक नाही मारली. तोंडावर हात घट्ट धरून उभी. मी यंत्र ओट्यावर टाकलं तेव्हा हात काढला आणि मग रडली. आधी नाही रडली. मी ऑफिसात होते ना.

नाही, रडत नाहीये. सर्दी आहे.

हो, मोडला नियम. तेव्हाच्या तेव्हा मोडला. म्हटलं, कधीही हाक मार, काहीही असू दे. पण तिच्या डोक्यातून जात नाहीये. पोरं नको ते बरोबर लक्षात ठेवतात.

काय? रात्री बंद करून ठेवू?… तू ठेवतेस? नाही, मला सांग, तू जेवताना बंद ठेवतेस? भावोजींना विचारू?… 'माझं वेगळं आहे' काय, वेगळं काय आहे त्यात! गेल्या वेळी आमच्याकडे आलीस तेव्हा मांडीवर रुमालाखाली ठेवलं होतंस. मी बघितलं होतं.

बरं बाई, नाही ठेवलं होतंस. भास झाला मला.

नोकरी सोडू? वेडी आहेस का? आणि सोडायची कशाला? मला आवडतं ते काम, ताई. घाणेरडं काहीतरी बोलल्यासारखं वाटतं हे म्हणताना, पण आवडतं. माझ्या एका होकाराने एवढं मोठं जहाज हलतं…

हो. बरोबर आहे तुझं. सातपेक्षा चार बरे. अर्धी आई दारात वाट बघायला लावणाऱ्या आईपेक्षा बरी… तू नाही म्हणालीस, मीच म्हणतेय. कालपासून हेच म्हणतेय स्वतःला.

बरं. लिहिते. आत्ता लिहिते, तुझ्यासमोर. नाहीतर संध्याकाळपर्यंत पुन्हा फिरेन… थांब, रिसीव्हर खांद्यावर धरते… हां. 'सर, मला मान्य आहे. चारची वेळ…' सावकाश गं, घाई नको करूस, एकाच हाताने दाबतेय… मॉडेल? तुझंच. न सरकणारं. जा, जिंकलीस.

झालं लिहून. पाठवू?

काय वाजलं? तुझं?… बघ, बघ, कामाचं असेल. धरते मी. नाही, नाही कापत, बघ तू.

…

अगं बाई! तू कधीपासून उभी आहेस दारात?

हाक नाही मारलीस?… हे होय? हो, हातात आहे माझ्या. पण ऑफिसात नाहीये मी, मावशीशी बोलतेय… म्हणजे, आहे थोडी. ये. ये ना जवळ. आपण तो नियम टाकून दिला की नाही? ये, बस इथे… केस बघ कसे झालेत.

काय गं?… हो, साहेबांना लिहिलंय, 'सर' म्हणून… नाही, अजून नाही पाठवलं. दाबायचं राहिलंय… नको, तू नको दाबूस.

हो, पाळणाघर बंद होतं संध्याकाळी. बाई कुलूप लावतात… हो, मोठं असतं, पितळेचं. बघितलंय मी… तुझ्या बाबाच्या दुकानालाही असतं, शटरला, खाली वाकून लावतो तो… हो, मग घरी येतो…

काय?

परत सांग.

…

हॅलो? हो, आहे मी. झालं तुझं वाचून?… नाही ताई. नाही पाठवलं… अगं पाठवते, थांब ना! ही उठलीये. माझ्या हातातलं यंत्र घेऊन उलटंपालटं करून बघतेय सगळीकडून आणि मला काहीतरी विचारतेय… मला काय विचारतेस, मला येत असतं तर सांगितलं नसतं का तिला? थांब, रिसीव्हर तिच्या तोंडाशी धरते, तूच ऐक… बोल बबडी, मावशीला विचार. काय विचारत होतीस?… मोठ्याने…

ऐकलंस? याला कुलूप कुठून लावायचं, म्हणतेय.