मर्यादा नसलेलं पाणी

— कुणालाच खरं वाटलं नाय, साहेब, गल्लीत नाय की तुमच्या महापालिकेत नाय! आता आलात तर पुन्हा तेच — नळीत दोन थेंब टाकले, पाणी पिवळं झालं, म्हणजे क्लोरीन हाय, म्हणजे खुशाल प्या! अवो, क्लोरीनचं इचारतंय कोण? मी त्या कायमच्या रसायनाचं इचारते — तव्याला काय चिकटू नये म्हणून कारखान्यात लावतात ना, ते. कॉलेजातल्या तनुजानं बाटली भरून नेली, पुण्याहून तपासून आणली. म्हणली, मावशी, हे पाण्यात हाय, कधी विरत नाय, अंगात साचतं. तुमच्या मोठ्या साहेबाला दाखवलं, तर म्हणे नियमात त्याची मर्यादाच नाय, म्हणून पाणी पास! मर्यादा नाय म्हणजे काय — हंडाभर प्या, टाकीभर प्या? वरून शहाणपण, उकळून प्या! माझी करुणा बाळंतपणाला आलीय, आठवा लागलाय तिला. उकळून उकळून दिलं मी. तनुजानं कपाळाला हात लावला — मावशी, पाणी उडतं, ते नाय उडत, उलट घट्ट होतं!

काय म्हणता? कारखान्याचं इथं कसं येईल? टँकरातून, साहेब, टँकरातून! सकाळी कारखान्यातलं धुवणाचं पाणी भरायचं, माळावर नेऊन सोडायचं, मग त्याच टँकरात तुरटी फिरवायची, हिसळल्यासारखं करायचं, अन् दुपारी हितं गारखेड्याच्या पुढं आमच्या टाकीत पिण्याचं पाणी. तुरटीनं काय जातं? गाळ जातो! लई बोंबलले मी घरात, तुरटीचा खडा मागितला की —

घरात. व्हय, घरात म्हणलं. बघता काय असं? टँकरचा मालक सांगतो ते करावं लागतं म्हणे, नायतर दुसरा डायव्हर तयारच हाय. अन् पोर काय माझी एकटीची हाय?

थांबा, पिशवी आवरू नका. रसायनाला नियम नाय, नसू द्या. पण पिण्याच्या टँकरात कारखान्याची घाण न्यायला तर बंदी हाय ना? हाय ना? मग आजच्या आज बंद करा. — डायव्हरचं नाव? तुम्हीच हुडका की! — नाव सांगितल्याबिगर नाय होत? नक्की नाय?

लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच, त्यानंतर कधी तोंडातून काढलं नाय. बाईनं नाव घेतलं की नवऱ्याचं आयुष्य कमी होतं म्हणतात. अन् माझ्या पोरीच्या पोटात हाय त्याचं? त्याचं कुणी मोजायचं?

ऐका —

पुंजाराम.