दोन्ही पाट्या एकाच अंगणात

मी अमरावतीकडची, दर्यापूरची. लग्न झालं अन् सहा महिन्यांत इथं कॅनडात, रेजिनाले आली. आमचे हे प्रांताच्या रस्ते खात्यात इंजिनियर, अन् मी तेवीस वर्षं म्हाताऱ्यांच्या केअर होममधे किचनले होती, सूप करणं, जेवण मिक्सरमधून काढणं, ज्याइचे हात चालत नाहीत त्याइले भरवणं. पैशासाठी नाही हो, घरात नुसतं बसवतच नव्हतं मले.

मताचं म्हणाल तर इथं प्रांतात पक्ष असतील पाच-सहा, निवडून येतात दोनच. यांचा पक्ष ठरलेला. शाळेच्या जिममधे मतदान असे, गाडीतून उतरताना हे सांगत, दुसरं नाव आहे, पाहून घे, अन् मी मुकाट्यानं फुली मारून येई. खोटं काहून बोलू, राग नाही यायचा. भाजी कोणती ते मी ठरवत होती, मत कोणाले ते हे.

तीन वर्षं झाली, हे गेले. पोरगा ओटावाले असते. मी फोनवर मराठीत बोलते, तो इंग्रजीत. मागच्या निवडणुकीच्या आधी म्हणे, आई, या वेळी बाबांच्या पक्षाले नको देऊ, दुसऱ्याले दे. म्हटलं वा रे वा, बाप गेला तर लेक आला सांगाले.

आता काय सांगू तुम्हाले, मले इथं माणसं दोनच. कुलकर्णी भाऊजी, यांचे जुने दोस्त, गणपतीले दिवाळीले मले गाडीतून नेत. अन् समोरची डोना, रिटायर मास्तरीण, दर गुरुवारी ग्रोसरीले नेई, बर्फ पडला का माझाही ड्राइव्हवे शोव्हल करून टाके. भाऊजी यांच्या पक्षाचे, डोना दुसऱ्या पक्षाची. एकाच आठवड्यात दोघंही आले, अंगणात आमच्या पक्षाची पाटी लावू का म्हणे. दारी आलेल्या माणसाले नाही म्हणणं आम्हाले शिकवलंच नाही. दोघाइलेही हो म्हटलं. मले वाटलं हे गणपतीच्या वर्गणीसारखं असते, दोन मंडळं आली का दोघांच्याही पावत्या फाडायच्या.

पण इथं ज्याले मत द्यायचं त्याचीच पाटी लावतात, म्हणून लोक गाड्या हळू करून पाहत अन् हसत. भाऊजी आले ते दारातच उभे राहिले, आत नाही आले.

"वहिनी, दादांच्या अंगणात ही पाटी?"

डोना ओरडली नाही, पण म्हणे दोन्ही ठेवायच्या असतील तर माझी मी काढून नेते. मीही हट्टाची, दोन्ही उपटल्या अन् गॅरेजमधे टाकल्या.

मग बसली विचार करत, का बाई, तुले स्वतःले काय पाहिजे? तर मले बिल आठवला, होममधला म्हातारा. शेवटी शेवटी एका पोरीले नऊ जणाइले भरवा लागे, सूप थंड होऊन जाय, अन् हा माझी बाही धरून ठेवे, तू गेली का परत कोणी येत नाही म्हणून. मी दोघाइलेही फोन केला, भरवणारे हात वाढवणार का तुमचे लोक? भाऊजी म्हणे वहिनी, या बारक्या गोष्टी, आधी कामधंदे वाढू द्या. डोना म्हणे मले माहीत नाही, विचारून सांगते. दोन दिवसांनी सांगितलं, तेही अर्धवट, पण विचारलं तिनं.

मतदानाले बसनं एकटी गेली. पेन्सिल हातात घेतली अन् रडूच आलं, कितवं नाव ते सांगाले कोणी नव्हतं. मारली फुली.

त्या दिवाळीले भाऊजींची गाडी आली नाही, त्याइले वाटते मी डोनाच्या पक्षाले दिलं. डोना अजून ग्रोसरीले नेते, पण गाडीत रेडिओ लावून ठेवते, तिले वाटते मी यांच्याच पक्षाले दिलं. मले कोणी विचारलंच नाही. स्वतःहून सांगावं तर दोघांतला एक कायमचा जाते, म्हणून गप्प बसते.

आज तुम्ही विचारलं, देव तुमचं भलं करो. डोनाच्या पक्षाले दिलं मी. पोराले नाही सांगितलं, तो म्हणाला असता, पाहा, माझं ऐकलं. हे असते तर यांनाच सांगितलं असतं. चिडले असते, दोन दिवस बोलले नसते माझ्याशी. ते दोन दिवस पाहिजे होते मले.