कॉम्प्युटरचे पंखे गप्प झाले तेव्हा

आमचा कॉम्प्युटर आमच्या ईशाने, म्हणजे मुलीने, स्वतः जोडला. चार पंखे बसवले, पण ते इतके घोंघावायचे की बायकोला कॉलेजच्या ऑनलाइन मीटिंगमध्ये काही ऐकूच येईना. आणि नवीन विभागप्रमुख कोण, हे दुसऱ्याच दिवशीच्या मीटिंगमध्ये ठरणार होतं; तीही शर्यतीत होती.

माझ्या आईने कॉम्प्युटरच्या तापलेल्या डब्यावर हात ठेवून विचारलं, "सगळे पंखे हवा आतच ओढतात का गं?"

"हो आजी. मतलब, जास्त थंड राहावं म्हणून."

"मग गरम हवा जाणार कुठून? कूलर लावला की आपण समोरची खिडकी उघडतोच ना?"

ईशाने मागचे दोन पंखे उलटे बसवले आणि सगळ्यांचा वेग कमी केला. आवाज पार गेला.

दुसऱ्या दिवशी मीटिंग आटोपल्यावर बायकोने नमस्कार करून फक्त स्क्रीन बंद केली. घरघर नाही म्हणजे कॉम्प्युटरही बंद झाला, असं तिला वाटलं. मला मराठीत म्हणाली, "प्रिन्सिपलसाहेबांनी आज फार पिळलं."

स्पीकरमधून शांत आवाज आला, "थोड़ी-थोड़ी मराठी हम भी समझते हैं, हेड मैडम."