उपऱ्याला चूलबंद आवतण

हे मी गेल्या दिवाळीत, सोनगीरला घरी, वडिलांच्या तोंडून ऐकले. आजोबा चोपड्याकडून मजुरीला इथे आले, तेव्हा गाव त्यांना ‘उपरा’ म्हणे. एका लग्नाचे साऱ्या गावाला चूलबंद आवतण होते. म्हणजे त्या दिवशी कोणाच्याही घरी स्वयंपाक नाही. आजीने मात्र भाकरी टाकली. धूर पाहून शेजारच्या अक्का आल्या.

“चूल का बरं पेटनी?”

“आम्ही ते उपरा शेतस, अक्का,” आजोबा म्हणाले.

“ज्याले आवतण नई, तो उपरा. तुले शे. इझाड ती चूल.” अक्कांनी उभ्या उभ्या चूल विझवायला लावली.

त्या दिवशी आमचे घर प्रथमच गावाच्या पंगतीत बसले. अक्कांचे हे ऋण आम्ही अजून मानतो. आवतण लग्नघराचे होते की अक्कांचे स्वतःचे, याची खात्री मात्र मला करता आली नाही.